भाऊसाहेबांचं बिनबाह्यांचं जाकीट

बिनबाह्यांचा कपडा शर्टाच्या आत घालायचा असतो, शर्टाच्या वर नव्हे, असं भाऊसाहेबांचं चोपन्न वर्षांचं ठाम मत होतं. तशी त्यांची बरीच मतं ठाम होती. नगरपालिकेच्या आस्थापना विभागात एकवीस वर्षं हेडक्लार्की केल्यावर माणसाची मतं आपोआप ठाम होतात, कारण त्या खात्यात मत बदलायचं तर अर्ज तीन प्रतींत करावा लागतो.

पण एका मंगळवारी सकाळी, चहाच्या टेबलावर, त्यांची लेक म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात नोकरीवर हजर व्हायचंय ना, तर मी मोटरसायकलवरूनच जाणार आहे."

लेक रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होती. तिला तीनशे दहा किलोमीटरवरच्या शहरात चांगली नोकरी लागली होती. भाऊसाहेबांनी तिच्यासाठी बसमधली खिडकीची जागा, ड्रायव्हरच्या मागची तिसरी रांग, इथपर्यंत सगळं मनाशी ठरवून ठेवलं होतं. पहिली रांग धोक्याची आणि शेवटची हादऱ्यांची, हा त्यांचा अभ्यास होता. त्या अभ्यासावर लेकीनं असा बोळा फिरवलेला पाहून त्यांचं बिस्कीट चहात पडलं.

"एकटी? तीनशे दहा किलोमीटर?"

"थांबत थांबत जाईन."

"मोटरसायकल टेम्पोनं पाठवू. तू बसनं जा."

"बाबा, तुम्ही मला गाडी चालवताना कधी बघितलंय का?"

हा प्रश्न जरा अडचणीचा होता. तीन वर्षं रोज सकाळी लेक गाडी काढायची तेव्हा भाऊसाहेब मुद्दाम बाल्कनीकडे पाठ करून बसायचे. बघायचंच नाही, म्हणजे काळजीही नाही, असा त्यांचा हिशेब होता. काळजी तरीही व्हायचीच, ती फक्त पाठमोरी व्हायची.

"येता रविवार सोडून पुढच्या रविवारी आमच्या 'रविवारची चाकं' ग्रुपची राइड आहे," लेक म्हणाली. "तुमची मोटरसायकल घेऊन या. मी कशी चालवते ते बघा आणि मग ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर मी निमूट बसनं जाईन. शब्द देते."

भाऊसाहेबांना हे फारच सोपं वाटलं. आपण जायचं, पाहणी करायची आणि परत येऊन 'नाही' म्हणायचं. पाहणी करून 'नाही' म्हणण्यातच त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. त्यांनी फक्त एक चौकशी केली, "काय घालून यायचं असतं?"

"हेल्मेट आणि बूट. ग्रुपचे लोक वरून व्हेस्ट घालतात, बिनबाह्यांचं जाकीट. पण ते तुम्हाला नको."

आता 'नको' हा शब्द तिनं वापरला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. सगळ्यांनी घालायचं आणि आपल्याला नको, म्हणजे काय? आपण काय तिथे प्रेक्षक म्हणून जाणार आहोत? त्यांचीही मोटरसायकल होती, लेकीच्या जन्माआधीपासूनची. ती त्यांनी चोवीस वर्षं घर ते कचेरी आणि कचेरी ते घर, अकरा मिनिटं जायला आणि अकरा यायला, अशी नेमानं चालवली होती. मोटरसायकल चालवण्याचा एवढा अनुभव त्या ग्रुपात कुणाला असेल? भाऊसाहेबांनी त्याच क्षणी ठरवलं की जाकीट शिवायचं, आणि लेकीला थक्क करायचं.

वस्तू करायची तर आधी तिचं मूळ माहीत हवं, म्हणून ते वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेले. मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. शाळा सुटली तरी त्यांचा तास मात्र अजून सुटला नव्हता. भाऊसाहेब चप्पल काढेपर्यंत मास्तर एका महायुद्धाच्या मध्यावर पोचलेसुद्धा.

"युद्ध संपलं. सैनिक घरी आले. आता घरात बसून काय करणार? लष्कराच्या जुन्या मोटरसायकली स्वस्तात मिळत होत्या. चारचौघांनी त्या घेतल्या, टोळकी केली आणि निघाले भटकायला. पलटणीत होते तेव्हा पलटणीची खूण कपड्यावर असायची. म्हणून इथेही पाठीवर टोळीची खूण आली. लक्षात येतंय?"

"येतंय. पण बाह्या का नाहीत?"

मास्तर थांबले. बाह्यांपर्यंत त्यांचं वाचन गेलेलं नव्हतं, पण विद्यार्थ्यासमोर तसं कबूल करण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी राजदरबारातल्या बंड्या, शिकाऱ्यांची जाकिटं, थंड प्रदेश, उष्ण प्रदेश असा मोठा वळसा घेतला. मध्ये दोनदा चहा झाला. शेवटी सव्वादोन तासांनी त्यांनी निष्कर्ष सांगितला.

"गरम होत असेल."

खाली उतरताना जिन्यात केमिस्ट भेटला. हा शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे दुष्परिणामांच्या बाजूनं बघायचा. जाकिटाचा उद्देश काय, हे त्यानं न विचारता सांगितलं. "खिसे! भाऊसाहेब, जाकीट म्हणजे खिसे. एकात बीपीची गोळी, एकात साखर, एकात बँडेज. आणि छातीवर रक्तगट लिहा, मोठ्ठा. रस्त्यात काही झालं तर लोकांना शोधाशोध नको."

"काही होणार नाहीये."

"असं सगळेच म्हणतात," केमिस्ट प्रेमानं म्हणाला.

तिसरा सल्ला बायकोच्या भावाचा. हा विमा एजंट होता, त्यामुळे त्याचा सल्ला नाकारला तरी तो हप्त्याहप्त्यानं येतच राहायचा. त्याचं म्हणणं, मोटरसायकलवाल्याचं जाकीट लांबून चमकलं पाहिजे, बाकी इतिहासबितिहास सब झूट. "भाऊजी, रस्त्यावर झाडू मारणारे बघा. किती शहाणे! कसे झगमगतात! चमकत्या पट्ट्या लावा, उभ्या दोन आणि आडव्या तीन."

भाऊसाहेबांनी तिन्ही सल्ले वहीत नोंदवून घेतले. तोवर जाकीट म्हणजे इतिहास, औषधाचं कपाट आणि रस्त्यावरचा दिवा या तिन्ही गोष्टी झालं होतं. बायकोनं वही वाचली आणि विचारलं, "अहो, यात तुम्ही कुठे बसणार?"

आणि मग कचेरी आडवी आली. कचेरी आडवी यावी यात नवल नाही, पण या वेळी ती आणणारे स्वतः भाऊसाहेबच होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या खात्यातला एक शिपाई फावल्या वेळात बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला लागला होता. एक दिवस तो घाईत बँडचाच सोनेरी झालरीचा कोट घालून कामावर आला. सकाळभर कामाला आलेले लोक मुख्याधिकाऱ्यांना ओलांडून त्यालाच नमस्कार करत राहिले. तेव्हा भाऊसाहेबांनी परिपत्रक काढलं होतं, की गणवेश किंवा बोधचिन्ह असलेल्या कोणत्याही बाहेरच्या संस्थेत कर्मचाऱ्यानं पूर्वपरवानगीशिवाय सामील होऊ नये. परिपत्रकाची भाषा इतकी चपखल होती, की त्यातून सुटायला त्यांना स्वतःलाही फट सापडेना.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. भाऊसाहेबांनी रीतसर अर्ज केला. अर्ज आस्थापना विभागाच्या हेडक्लार्ककडे करायचा असल्यामुळे तो त्यांनी स्वतःच स्वतःकडे दिला, पोच घेतली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन वाचायला बसले. अर्जदाराची सही राहिली होती. त्यांनी शेरा मारून अर्ज परत केला. दुसऱ्या दिवशी सहीसह अर्ज आला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कपड्याचं वर्णन मोघम आहे. पुन्हा परत. एकवीस वर्षं त्यांनी कुणाला सवलत दिली नव्हती. आता स्वतःला दिली असती, तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. तिसऱ्या खेपेला अर्जदार म्हणून त्यांना त्या हेडक्लार्कचा इतका राग आला, की घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "अगं, त्या खात्यात माणसं बसतात की दगड?"

"मी लग्नाआधी हेच विचारलं होतं," बायको म्हणाली.

फाइल शेवटी मुख्याधिकाऱ्यांकडे गेली. त्यांनी एकच ओळ लिहिली: 'हा कपडा आहे की गणवेश?' कपडा असेल तर परवानगी कशाला, आणि गणवेश असेल तर कुठल्या खात्याचा, या पेचात फाइल चार दिवस अडकली. राइडला तीन दिवस उरले आणि भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी कायदा अधिकाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत, हातात पोळीचा घास धरून, तोडगा लिहून दिला. परवानगी देण्यास हरकत नाही. मात्र सदर कपड्यावर संस्थेचे पूर्ण नाव ठळक असावे, सदर संस्थेचा या कार्यालयाशी कोणताही संबंध नाही असेही नमूद असावे, आणि हा मजकूर सर्वसाधारण नागरिकास पाच मीटर अंतरावरून वाचता यावा.

पाच मीटरवरून वाचता येईल एवढा मजकूर छातीवर मावेना. वहीत छातीवर आधीच रक्तगट, चमकत्या पट्ट्या आणि चार खिसे होते. राहिली पाठ. एवढी मोठी जागा रिकामी पडलेली बघून भाऊसाहेबांना बरं वाटलं.

आता शिवणार कोण? नेहमीच्या शिंप्यानं चामड्याचं नाव काढताच मशीनवर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. "हिला झेपायचं नाही. कोपऱ्यावरच्या सीटकव्हरवाल्याकडे जा. त्याच्याकडे जाड सुईचं मशीन आहे."

सीटकव्हरवाला मोटारींच्या आसनांना कव्हरं शिवायचा. माणसाला कपडे घालायची ही त्याची पहिलीच वेळ होती, पण तो कचरला नाही. चामडं नव्हतं, रेक्झिन होतं, काळं कुळकुळीत. त्यानं भाऊसाहेबांना वळायला सांगितलं आणि पाठीवर दोन थापा मारून अंदाज घेतला.

"मागे स्पंज किती देऊ साहेब? लांबच्या प्रवासाला दोन इंच बरा."

"मला जाकीट हवंय, सोफा नको."

"दीड देतो मग. आणि कडेनं पायपिंग?"

पायपिंग म्हणजे काय, हे विचारायचं भाऊसाहेबांच्या जिवावर आलं. ते "चालेल" म्हणाले. एका 'चालेल'नं त्यांच्या दोन्ही खांद्यांभोवती पांढरी जाडजूड दोरी फिरली. अस्तरासाठी दुकानात एका हौशी गिऱ्हाइकाच्या गाडीतून उरलेलं निळ्या-पिवळ्या फुलांचं कापड होतं. आत कोण बघतंय, म्हणून तेच लागलं. पाठीवरचा मजकूर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं रंगवला. त्यानं त्याच्या सवयीनं खाली बाणही काढला होता, तो खोडायला लावावा लागला.

जाकीट तयार झालं तेव्हा ते घडी घालता येईना. खुर्चीवर ठेवलं की ते आपलं आपण ताठ बसायचं, दोन्ही बगला फुगवून. लेकीच्या नजरेला पडू नये म्हणून ते मास्तरांच्या घरी लपवलं होतं. पहिल्याच संध्याकाळी मास्तर त्याच्याशी बराच वेळ बोलत बसले होते, असं मास्तरांच्या सुनेनं नंतर सांगितलं.

रविवारी लेक सहालाच गेली. सगळ्यांच्या गाड्यांचे टायर आणि ब्रेक तपासायचं काम तिच्याकडे होतं. भाऊसाहेब वर गेले, जाकिटात शिरले आणि खाली येऊन बायकोसमोर उभे राहिले. बायकोनं पदर तोंडाला लावला. तिला भरून आलं आहे असं भाऊसाहेबांना वाटलं.

पेट्रोल पंपामागच्या मैदानात दहा-अकरा मोटरसायकली उभ्या होत्या. भाऊसाहेबांनी आपली गाडी मध्यभागी नेली, इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना मजकूर नीट दिसावा म्हणून सावकाश पाठ फिरवली. पाठीवर होतं:

'रविवारची चाकं (मोटरसायकल मंडळ). या संस्थेचा माझ्या कार्यालयाशी कोणताही संबंध नाही.'

मैदानात कुणीतरी खोकलं, मग दोघं-तिघं खोकले. लेक एका टायरजवळ बसली होती. ती उठली, बाबांकडे बघितलं आणि पुन्हा टायरजवळ बसली.

ग्रुपचा म्होरक्या पुढे आला. हा दंतवैद्य होता. दाढी पांढरी, वय भाऊसाहेबांच्याच बरोबरीचं. तरी तो म्हणाला, "काका, या या. फार आनंद झाला." 'काका' हा पहिला घाव. "फक्त एक अडचण आहे हो. पाठीवर काही लिहिता येणार नाही तुम्हाला."

"का?"

"पाठ ग्रुपची असते. नवीन माणसानं कोरी पाठ घेऊन यायचं. आमच्याबरोबर हजार किलोमीटर झाले आणि सगळ्यांचं मत पडलं की ग्रुपच नाव शिवून देतो. आपलं आपण कुणी लिहीत नाही. आजवर कुणी लिहिलं नव्हतं म्हणजे."

भाऊसाहेबांनी खिशात हात घातला. बीपीची गोळी आली, मग साखर आली आणि शेवटी परवानगीपत्र आलं. "हे बघा. रीतसर मंजुरी आहे. जावक क्रमांक आहे. मजकूर कायदा अधिकाऱ्यांनी तपासलाय."

दंतवैद्यानं पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. दाताच्या दुखण्यात माणसं काय काय बोलतात हे ऐकायची सवय असल्यामुळे त्याचा चेहरा हलला नाही. "मंजुरी उत्तम आहे काका. पण आमच्याकडे फाइल नसते."

ज्या ठिकाणी फाइल नसते, तिथे आपलं काय काम, असा विचार भाऊसाहेबांच्या मनात येऊन गेला. त्यांना घरी जावंसं वाटलं. चिडून नाही, खरंच घरी जावंसं वाटलं. लेकीसमोर आपलं हसं झालं, एवढंच त्यांना कळत होतं. कान तापले होते आणि दीड इंच स्पंजात घाम यायला लागला होता. तेवढ्यात लेक आली. तिनं जाकिटाची बटणं काढली, जाकीट त्यांच्या अंगातून ओढून काढलं, उलटं केलं आणि पुन्हा चढवलं. बाहेर फुलं आली, निळी आणि पिवळी.

"झालं," ती म्हणाली. "आता कुणाचा काही संबंध नाही."

"तू ओशाळलीस ना गं?"

"थोडीशी," लेक म्हणाली. "निघू या. तुम्ही दोन नंबरला, डॉक्टरांच्या मागे."

तेवढ्यात दंतवैद्यानं हाक मारली, "शेपूट कुठाय? शेपूट तयार का?" आणि लेकीनं हात वर केला. भाऊसाहेबांच्या डोक्यात तिडीक गेली. तिच्या जाकिटावर, ग्रुपच्या नावाखाली, लहान अक्षरांत तेच शिवलेलं होतं: 'शेपूट'. रक्ताचे रिपोर्ट बिनचूक देणाऱ्या, पदवी पहिल्या वर्गात घेतलेल्या मुलीला भर मैदानात शेपूट म्हणतात! घरी गेल्यावर 'नाही' म्हणण्याचं आणखी एक कारण त्यांना मिळालं. ते त्यांनी मनातल्या वहीत लिहून ठेवलं.

राइड सुरू झाली. पहिली अकरा मिनिटं भाऊसाहेब उत्तम चालवत होते. बाराव्या मिनिटाला, इतक्या वर्षांच्या सवयीनं, त्यांची नजर आपोआप गाडी लावायला जागा शोधू लागली. मग मोठा रस्ता आला. दंतवैद्य साठनं निघाला. भाऊसाहेब पस्तीसवर होते. चोवीस वर्षं पस्तीसच होते. एकेक जण त्यांना ओलांडून जाऊ लागला आणि जाताना डावा हात उंच करू लागला. हे चिडवणं आहे की निरोप, हे न कळल्यामुळे भाऊसाहेबांनी पहिल्या दोघांना उत्तर दिलं नाही, आणि पुढच्यांना द्यायला हात सुटेना. थोड्याच वेळात पुढे रस्ता मोकळा झाला.

त्यांनी आरशात पाहिलं. मागे एकच दिवा होता.

ही अजून मागेच? घाबरली असेल. मोठ्या रस्त्यावर एकटीला धीर होत नसेल, म्हणून बापाच्या मागे मागे येतेय. भाऊसाहेबांना वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. चला, पाहणीचा निकाल लागला.

मग मागून ट्रक आला. भोंगा एवढा मोठा, की भाऊसाहेबांची गाडी हातभर डगमगली. त्यांनी पुन्हा आरशात पाहिलं. लेकीची मोटरसायकल कडेवरून रस्त्याच्या मध्याकडे सरकली होती. तिनं एक हात बाजूला काढून तळवा खाली केला होता, हळू, हळू, असा. ट्रक हळू झाला. आणि मग लांबून, चांगलं अंतर सोडून, फुलाफुलांच्या जाकिटाला ओलांडून निघून गेला. दिवा पुन्हा कडेला, आपल्या जागी आला.

दुसरा ट्रक आला. पुन्हा तसंच. मग बस आली. पुन्हा तसंच. भाऊसाहेब मोजू लागले. सातव्या खेपेला त्यांनी मोजणं सोडलं. पुढे रस्ता होता त्याच्याकडे बघायचं सोडून ते सारखे तळहाताएवढ्या आरशात बघत होते, आणि एकदा तर त्यापायी खड्ड्यात गेले. तीन वर्षं जिच्याकडे पाठ करून बसले, ती कशी चालवते हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं, तेही पाठमोरंच. घाईबिईचं नाव नाही आणि भीतीबिती तर नाहीच. पस्तीसवर मोटरसायकल तोलून धरणं साठपेक्षा अवघड असतं, हे चोवीस वर्षांच्या अनुभवानं निदान एवढं त्यांना माहीत होतं. हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत, ही त्या वस्तूची मोठी गैरसोय आहे.

थांब्याच्या चहाच्या टपरीवर बाकीचे पाऊण तास आधी पोचले होते. भाऊसाहेब उतरले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या खऱ्या होत्या की कशा, हे बघण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते. ते थेट दंतवैद्याकडे गेले.

"माझ्या मुलीला शेपूट का म्हणता तुम्ही?"

दंतवैद्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "काका, सगळ्यात पुढे कुणीही चालतं. रस्ता माहीत असला की झालं. शेवटी कोण, हे महत्त्वाचं. जो मागे पडला, ज्याची गाडी बंद पडली, त्याला सोडून शेपूट पुढे जात नाही. ते काम आम्ही दोन वर्षं दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. ती मागे असली की आम्हाला मागे बघावं लागत नाही." मग तो म्हणाला, "पाठीवर नाव का लिहितात माहितीये? आपली पाठ आपल्याला कुठे दिसते! ती मागच्यासाठी असते. आणि तिच्या मागे कुणीच नसतं, तरी तिनं ती अक्षरं आमच्याकडून शिवून घेतली. आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा."

भाऊसाहेबांनी मास्तरांना हे उत्तर सांगायचं ठरवलं. सव्वादोन तास आणि दोन चहा वाचले असते.

परत निघताना ते लेकीला म्हणाले, "आता तू पुढे हो. मी येतो मागून."

"नाही बाबा. शेपूट पुढे जात नाही."

"अगं, मी सांगतोय."

"नाही म्हणजे नाही. बसा गाडीवर." हा आवाज त्यांनी कुठेतरी ऐकला होता. थोडा विचार केल्यावर लक्षात आलं, आपलाच. ते निमूट गाडीवर बसले.

घरी पोचेपर्यंत दुपार टळली. बायकोनं दार उघडलं, निळी-पिवळी फुलं बघितली आणि ती चहाचं आधण ठेवायला गेली. ती शहाणी होती. चहा झाला. केमिस्ट बँडेज लागलं का म्हणून डोकावून गेला, नाही म्हटल्यावर जरासा खट्टू झाला. मग तिघंच उरली. लेक कप हातात फिरवत होती. शब्द दिला होता, त्यामुळे ती निकालाची वाट बघत होती.

"जाऊ दे तिला मोटरसायकलवरून," भाऊसाहेब शेवटी बायकोला म्हणाले. लेकीकडे बघून म्हणायचा त्यांना धीर झाला नाही. "पण माझी एक अट आहे."

"वाटलंच," बायको म्हणाली.

"जायच्या दिवशी शेपूट मी. पहिल्या थांब्यापर्यंत."

"बाबा, पहिला थांबा ऐंशी किलोमीटरवर आहे," लेक म्हणाली. "तुमच्या पस्तीसनं संध्याकाळ होईल."

"तू तुझ्या वेगानं जा. माझ्यासाठी थांबू नकोस." भाऊसाहेबांनी कप उचलला, तो रिकामा होता, तरी त्यातून एक घोट घेतला. "दिसेनाशी झालीस, की मी वळेन."

लेक उठली. तिनं किटली आणून त्यांच्या कपात चहा ओतला, काठोकाठ, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

"मग मी हळूच जाईन," ती म्हणाली.